सही कोणाची चालते? नेपाळच्या संसद सदस्यांना खुले पत्र

प्रति,
नेपाळच्या प्रतिनिधी सभेचे आणि राष्ट्रीय सभेचे सर्व सदस्य,
काठमांडू

सादर नमस्कार.

हे पत्र मी ठाण्याहून लिहिते आहे, मराठीत. नेपाळी अनुवाद सोबत जोडते आहेच, पण मूळ पत्र माझ्याच भाषेत असावं असं वाटलं. लिपी तुमची-आमची एक आहे. शिवाय यातलं दुखणं तुमच्या डोंगरातच राहिलेलं नाही. ते आमच्या इमारतीचा जिना चढून आलेलं आहे, म्हणून माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही हे पत्र वाचायला हवं.

मी तुमची मतदार नाही. दुसऱ्या देशाच्या कायद्यावर परक्या बाईने कशाला बोलावं, असं तुमच्यापैकी कोणाला वाटलं तर ते चूक म्हणता येणार नाही. पण गेल्या तीस वर्षांत दोनदा नेपाळी बाईचा कागद माझ्या हातात आला आणि दोन्ही वेळा तो एकाच रकान्यावर अडला: बापाच्या नावाच्या. त्या रकान्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी आत्ताचं सांगते.

आमच्याकडे आठ वर्षं पोळ्यांना येणारी बाई सुदूरपश्चिमेतल्या एका डोंगरी जिल्ह्यातली आहे. ती मला दिदी म्हणते, मी तिला बहिनी म्हणते. शब्द तिच्या भाषेतला, पण त्याचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. तिचा नवरा 'उनन्साठी साली' गेला, म्हणजे तिकडच्या विक्रम संवत २०५९ मध्ये, आपल्या हिशेबाने २००२ साली. गेला म्हणजे नेला. रात्री माणसं आली, त्याचे हात मागे बांधले आणि टॉर्चच्या उजेडात त्याला घेऊन पायवाटेने खाली उतरली. ती कोण होती हे बहिनी आठ वर्षांत मला एकदाच बोलली आहे. मी ते इथे लिहिणार नाही, कारण तिचा दीर, तिचं गाव आणि ती माणसं सगळी अजून तिथेच आहेत. बहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चौथा महिना चालू होता.

मुलगी झाली, आजोळी वाढली, नर्सिंग शिकली. आता परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर अर्जाला नागरिकतेची प्रत लावावी लागते, आणि ती तिच्याकडे नाही. मराठी वाचकांसाठी सांगते: नेपाळमध्ये नागरिकता हा एकच कागद असा आहे की ज्याच्यावर बाकी सगळं उभं राहतं. सोळा वर्षं पूर्ण झाली की तो काढायचा. त्याच्यावाचून पासपोर्ट नाही, जमिनीचा व्यवहार नाही, सरकारी नोकरी नाही, बँकेच्या खात्यालाही अडतं. ही मुलगी सोळा वर्षांची झाल्यापासून तिची आई सुट्टी मिळेल तेव्हा बनबसाची वाट धरते, सीमा ओलांडून गावी जाते, खिडकीपाशी उभी राहते आणि परत येते.

तिचा एक पत्र्याचा डबा आहे, बिस्किटांचा. पोळ्या झाल्या, ओटा पुसला की कधीकधी ती तो उघडते. झाकण आधी ओढणीने पुसते. आत तिची स्वतःची नागरिकता आहे, वडिलांच्या नावावरची. मुलीचा जन्मदाखला आहे, शाळेचे निकाल आहेत, घडीवर फाटत आलेला एक अर्ज आहे. आणि नवऱ्याचा फोटो, कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, त्यामुळे त्याच्या खांद्यावर कोणा दुसऱ्याचा हात तसाच राहिलाय. लग्नाची नोंद नव्हती. त्या डोंगरात तेव्हा ती करतच कोण होतं?

खिडकीपलीकडच्या माणसाने तिला तीन वाटा सांगितल्या. एक, नवऱ्याच्या भावाला घेऊन या, तो सनाखत करेल, म्हणजे ही आपल्या भावाची मुलगी आहे असं अधिकाऱ्यासमोर सांगून सही करेल. दोन, नवरा मेल्याचा कागद आणा. तीन, मुलीच्या बापाची ओळख पटत नाही असं स्वतः लिहून द्या.

दीर सही करत नाही. केली तर मुलीचा जमिनीत अंश लागतो. नवरा मेला असं बहिनी लिहून देत नाही, कारण त्याला मेलेला कोणी पाहिलेलं नाही. तिच्या गळ्यात हिरव्या मण्यांची सौभाग्याची माळ, 'पोते', अजून आहे, भांगात सिंदूर आहे. आमच्या इमारतीत कोणीतरी तिला एकदा विचारलं, इतकी वर्षं झाली, आता हे कशाला? ती म्हणाली, "मी काढलं तर मीच त्याला मारल्यासारखं होईल." आणि तिसरी वाट? बापाची ओळख पटत नाही असं ती लिहून देऊच कशी शकेल? त्याचं नाव तिला माहीत आहे, त्याचं गाव, त्याची शाळा, त्याच्या उजव्या भुवईवरचा व्रण माहीत आहे. तो कुठे आहे एवढंच माहीत नाही, आणि ते तिला सांगण्याची जबाबदारी तुमच्या राज्याची होती.

तुम्ही नेमलेल्या आयोगाचं नाव 'बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग' असं आहे. 'पारिएका' म्हणजे 'केलेले'. माणूस बेपत्ता झाला नाही, त्याला बेपत्ता केलं गेलं, हे तुम्ही आयोगाच्या नावातच कबूल केलं आहे. आम्ही मराठीत सरसकट 'बेपत्ता झाला' म्हणतो. तुमच्या भाषेने जास्त खरं बोलायचं ठरवलं, याचा मला आदर वाटतो. पण ज्या राज्याने आयोगाच्या पाटीवर हे खरं लिहिलं, त्याच राज्याच्या खिडकीवर त्या माणसाच्या बायकोला 'बाबुको पहिचान हुन नसकेको' या ओळीखाली सही करायला सांगतात. असे १,३०० हून जास्त लोक अजून सापडलेले नाहीत. त्यातल्या प्रत्येकामागे अशी एक तरी बाई असेलच.

तुमचं संविधान मी अनुवादाच्या आधाराने पुन्हा पुन्हा वाचलं आहे. कलम ३८ चं पहिलंच वाक्य असं की प्रत्येक स्त्रीला लिंगभेदाविना समान वंशीय हक्क असेल. इतकं स्वच्छ वाक्य जगातल्या फार थोड्या संविधानांत सापडेल. कलम ११ सुद्धा आधी नीटच सुरू होतं: ज्याचे बाबा किंवा आई नेपाळी नागरिक, त्याला वंशज नागरिकता, म्हणजे आईबापांकडून वारशाने येणारी. मसुद्यात इथे 'आणि' होतं. तुमच्या देशातल्या बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्याचं 'किंवा' झालं, हेही मला ठाऊक आहे. पण त्याच कलमात पुढे अटी येतात. बापाची ओळख पटत नसेल तर, बाप परदेशी असेल तर. नेपाळी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केलं तर त्याच्या मुलांपुढे या अटी उभ्या राहत नाहीत. नेपाळी स्त्रीने केलं तर तिच्या मुलांना वंशज नव्हे, अंगीकृत नागरिकता, म्हणजे अर्ज करून मागावी लागणारी, तीही मिळाली तर. २०२३ च्या मे महिन्यात नागरिकता कायद्याच्या दुरुस्तीवर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. कित्येक वर्षं अडकलेल्या तरुणांना त्याने कागद मिळाले आणि ते चांगलंच झालं. पण त्या दुरुस्तीनेही आईकडून स्वघोषणा मागितली आहे, आणि ती खोटी ठरली तर शिक्षाही ठेवली आहे. पुरुष 'हे माझं मूल' म्हणतो तेव्हा त्याचा शब्द पुरतो. बाई तेच म्हणते तेव्हा तिला आधी सांगावं लागतं की या मुलाचा बाप कोण ते कळत नाही. भर कार्यालयात, गावच्या माणसांसमोर. हे वाक्य उच्चारण्याची लाज किती असते, ते तुमच्यापैकी ज्या गावातून निवडून आल्या आहेत त्यांना मी सांगायला नको.

आता तीस वर्षांपूर्वीचं.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यावर छापे पडले आणि शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यात नेपाळी मुली दोनशेच्या आसपास होत्या. त्याच महिन्यात, १३ तारखेला, तुमच्याकडे माओवादी आणि सरकार यांच्यातलं युद्ध सुरू झालं. आम्हाला तेव्हा त्याची काही खबर नव्हती. मी नुकतीच समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडले होते आणि एका आश्रयगृहात या मुलींचे फॉर्म भरायला बसले होते. नाव, वय, वडिलांचं नाव, पत्ता. वडिलांच्या नावापाशी माझं पेन थांबायचं. काहींना ते आठवत नव्हतं. काहींना सांगायचं नव्हतं, कारण विकणारा घरचाच होता. एक मुलगी, असेल चौदा-पंधराची, मी विचारलं की दरवेळी "आमाको नाम लेख न" म्हणायची. आईचं नाव लिही ना. मी फॉर्मच्या समासात तिच्या आईचं नाव लिहिलं, आणि माझ्या वरिष्ठांनी ते खोडून 'माहीत नाही' असं लिहायला लावलं. मी लिहिलं. तेव्हा तेवीस वर्षांची होते, वाद घालण्याची हिंमत झाली नाही. ते खोडलेलं नाव मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

त्या मुली महिनोन्‌महिने इथेच अडकून पडल्या. त्या नेपाळच्याच कशावरून, हा प्रश्न होता आणि दाखवायला कागद नव्हता. शेवटी सरकारने नव्हे, काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांना नेलं. परत गेलेल्या त्या मुलींतल्या काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' उभा केला, मानवी तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली संस्था. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं, कारण संस्था नोंदवायला नागरिकता लागते आणि कित्येकींकडे ती नव्हती. पुढे २०१३ मध्ये त्याच संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण नेपाळी आहोत हे सिद्ध करता येत नव्हतं, त्यांनी नेपाळचं नाव जगात केलं.

म्हणून, बहिनीने पहिल्यांदा डबा उघडून तो अर्ज माझ्यापुढे धरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तोच रकाना.

माझं म्हणणं एकच आहे. युद्धातून सावरताना तुम्ही बाईला खुर्ची दिलीत, पण तिच्या शब्दाला पुराव्याची किंमत दिली नाहीत.

खुर्ची दिलीत हे मी मनापासून म्हणते. २००६ च्या मे महिन्यात, शांतता करारावर सही व्हायच्या सहा महिने आधी, तुमच्या संसदेने राज्याच्या सर्व अंगांत स्त्रियांना ३३ टक्के जागा देण्याचा ठराव केला. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ स्त्रिया बसल्या. २०१५ मध्ये राष्ट्रपतिपदी विद्यादेवी भंडारी आणि सभामुखपदी, म्हणजे संसदेच्या सभापतिपदी, रोल्पा जिल्ह्यातल्या ओनसरी घर्ती मगर आल्या, पुढच्या वर्षी सुशीला कार्की सरन्यायाधीश झाल्या. एकाच वेळी तिन्ही पदांवर स्त्रिया! आम्ही इथे कौतुकाने बातम्या वाचल्या. त्याच कार्की १२ सप्टेंबर २०२५ ला, देश पुन्हा एकदा जळून धुमसत असताना, हंगामी पंतप्रधान झाल्या. आमच्या संसदेत महिला आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष लागू होण्याची वाट आम्ही अजून पाहतो आहोत. तेव्हा या बाबतीत तुम्हाला शिकवावं असं आमच्याकडे काही नाही.

२०१७ च्या स्थानिक निवडणुकीत तर १४,००० हून जास्त स्त्रिया निवडून आल्या. प्रत्येक वडात, म्हणजे प्रभागात, दोन स्त्रिया आणि त्यातली एक दलित, असा कायदाच तुम्ही केला. घराबाहेर पाऊल टाकायची चोरी असलेल्या बायका सभेत बसून बोलू लागल्या. नगरपालिकांत उपप्रमुख आणि गावपालिकांत उपाध्यक्ष या पदांवर बहुतेक सगळीकडे स्त्रियाच आल्या आणि कायद्याने न्यायिक समितीचं प्रमुखपद त्यांच्याकडे गेलं. गावातली घरगुती मारहाण, म्हाताऱ्या आईला टाकून देणं, बांधावरची भांडणं आता एका बाईपुढे येतात. बहिनीच्या गावपालिकेतही उपाध्यक्ष बाईच आहेत. त्यांनी तिला बसवून चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले. आणि म्हणाल्या, सिफारिस (नागरिकतेसाठी लागणारं शिफारसपत्र) माझ्या सहीने होत नाही, वडाध्यक्षांच्या सहीने होते.

तुमच्या देशात ६,७४३ वडा आहेत. २०१७ आणि २०२२ या दोन्ही निवडणुकांत वडाध्यक्षपदी निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या शंभरापर्यंतही पोचली नाही. ७५३ पालिकांत प्रमुख आणि अध्यक्ष झालेल्या स्त्रिया आधी १८ होत्या, मग २५. कायदा म्हणतो की पक्षाने दोन्ही पदांवर उमेदवार दिले तर त्यात एक स्त्री हवी. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या केल्या, एकाने प्रमुखपद घेतलं, दुसऱ्याने उपप्रमुखपद, आणि प्रत्येकाने एकच उमेदवार दिल्यामुळे अट कोणालाच लागू झाली नाही. उपप्रमुख स्त्रियांची संख्याही त्यामुळे घटली. चौदा हजार बायका सभेत बसतात, आणि ज्या सहीवर मुलीचा जन्म ठरतो ती सही अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

लढलेल्या बायकांचंही असंच झालं. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत जे १९,६०२ माओवादी लढवय्ये पात्र ठरले, त्यात ३,८४६ स्त्रिया होत्या. २०१२ मध्ये नेपाळी सैन्यात घेतलेल्या सुमारे चौदाशे जणांत स्त्रिया शंभरच्या आसपास. बाकीच्यांनी पाच ते आठ लाखांचा धनादेश घेऊन घर गाठलं. शिबिरांतल्या त्या पाच-सहा वर्षांत कित्येकींची लग्नं झाली, मुलं झाली, कोणाच्या पायात अजून छर्रे होते. भरतीचे निकष ठरवताना अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईचा विचार कोणी केला होता का? शिवाय गावी परतल्यावर, जातीबाहेर लग्न केलेल्या, बंदूक चालवलेल्या सुनेला घरात कोण घेणार होतं? तुमच्यापैकी काहींनी त्या बायकांच्या बरोबरीने डोंगर तुडवले आहेत. तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत. त्यातल्या किती जणी आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसल्या आहेत, ते एकदा मान वळवून पाहा.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली होती, पण ती टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

युद्धात बायकांवर बलात्कार झाले. सैनिकांनी केले, पोलिसांनी केले, माओवाद्यांनीही केले. तुमच्या जुन्या कायद्यात बलात्काराची तक्रार करायला ३५ दिवसांची मुदत होती. दैलेख जिल्ह्यातल्या एका बाईला २००४ मध्ये सैन्याच्या बराकीत नेलं गेलं, नवऱ्याचा ठावठिकाणा विचारत तिच्यावर अत्याचार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढच्या दाव्यात तिला 'पूर्णमाया' असं टोपणनाव दिलं आहे. युद्ध संपलं, भीती थोडी ओसरली आणि ती तक्रार द्यायला गेली, तेव्हा ३५ दिवस उलटून गेलेत असं तिला सांगण्यात आलं. २०१७ मध्ये समितीने निकाल तिच्या बाजूने दिला. जिने देशात दार ठोठावलं तिला जिनिव्हात दार उघडलं.

ज्या बराकीसमोर त्या भागातल्या प्रत्येकाची नजर खाली जायची, तिच्याविरुद्ध ३५ दिवसांत तक्रार कुठे करायची होती? त्याच बराकीच्या सावलीतल्या चौकीत? मुदत तुम्ही नंतर वाढवलीत, आधी १८० दिवस, मग एक वर्ष, आणि २०२२ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी दोन वर्षं. आजच्या मुलींना त्याचा उपयोग होईल. २००२ च्या किंवा २००४ च्या बाईला मात्र त्यातलं काहीच लागू पडत नाही.

पैशाच्या मदतीतही तेच. मारल्या गेलेल्यांच्या आणि बेपत्ता केलेल्यांच्या घरांना अंतरिम मदत मिळाली, हप्त्याहप्त्याने ती १० लाखांपर्यंत गेली. बलात्कार सोसलेली बाई त्या यादीतच नव्हती. का? मेलेल्याचा कागद असतो, मोडलेल्या हाताचा दाखला असतो, हिच्याकडे फक्त तिचा शब्द होता. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य निरूपण आयोगाकडे ६३,००० हून जास्त तक्रारी आल्या, त्यात लैंगिक अत्याचाराच्या ३०० च्या आसपास. एवढ्याच बायकांवर अत्याचार झाले असं तुम्हाला खरंच वाटतं का? अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन द्यायचा, तो लिहून घेणारा पुरुष, कचेरीच्या दारात ओळखीचे चेहरे, आणि घरी नवऱ्याला, सासूला काहीच माहीत नाही. मीसुद्धा आश्रयगृहात टेबलाच्या पलीकडे बसून हे प्रश्न विचारले आहेत. समोरची मुलगी आधी माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघते, मग दाराकडे, आणि मग "केही भएन" म्हणते. काही झालं नाही. तुमच्या आयोगांच्या दप्तरात अशी 'केही भएन' किती असतील!

ऑगस्ट २०२४ मध्ये तुम्ही संक्रमणकालीन न्यायाचा, म्हणजे युद्धकाळातल्या गुन्ह्यांच्या न्यायाचा, कायदा दुरुस्त केलात, बलात्काराला माफी नाही असं त्यात लिहिलंत. दहा वर्षं पीडितांनी उंबरठे झिजवले त्याचं ते फळ आहे. पण तक्रारीचं दार पुन्हा मोजक्या महिन्यांसाठीच उघडलंत. ज्या बाईने वीस वर्षं नवऱ्यापासूनही लपवलं, तिला तुमचं राजपत्र कोण वाचून दाखवणार होतं?

बाईच्या शब्दावर विसंबायचं कसं, ही शंका तुमच्यातल्या कायदेपंडितांना असेल. त्यांना देवी सुनुवार यांची आठवण करून देते. काभ्रे जिल्ह्यातल्या या बाईने फेब्रुवारी २००४ मध्ये आपल्या भाचीची सैनिकांनी केलेली हत्या पाहिली आणि ती बोलली. सैनिक तिला शोधत घरी आले. ती सापडली नाही म्हणून तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीला, मैनाला, घेऊन गेले. आईने पहिल्या दिवसापासून सांगितलं की माझी मुलगी सैन्याने नेली आहे. २००५ मध्ये सैनिकी न्यायालयाने तीन अधिकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली, तीही रीतसर कार्यपद्धती पाळली नाही म्हणून. २००७ मध्ये पांचखालच्या सैनिकी आवारातून सांगाडा उकरून काढला, पुढच्या वर्षी डीएनए तपासणीत तो मैनाचाच निघाला. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तीन अधिकाऱ्यांना जन्मठेप सुनावली, त्यांच्या गैरहजेरीत. आई जे सांगत होती त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तो खरा धरायला तिच्या मुलीची हाडं लागली.

म्हणून मागते आहे. संविधानाच्या कलम ११ मधल्या, फक्त आईलाच लागू होणाऱ्या अटी काढून टाका. आई नेपाळी असेल तर मूल नेपाळी, तिथे बापाचा प्रश्नच विचारू नका, आणि आईच्या चारित्र्याची कबुली मागणारं ते स्वघोषणापत्र फाडून टाका. संविधानाला हात लावायला दोन तृतीयांश मतं लागतात हे कळतं. तोवर एका साध्या परिपत्रकाने होण्यासारखं एक काम आहे: बेपत्ता केलेल्या माणसाचं नाव आयोगाच्या यादीत असेल तर तीच यादी पुरावा धरून त्याच्या बायकोच्या सहीवर मुलांना नागरिकता द्या. दीर नको, चुलता नको, मृत्यूचा दाखला नको. 'बेपत्ता पारिएको' ही स्वतंत्र नोंद करा, म्हणजे बाईला नवरा जिवंत की मेला यातलं एक खोटं निवडावं लागणार नाही.

युद्धकाळातल्या अत्याचारांना तक्रारीची मुदतच ठेवू नका. अर्ज घ्यायला बाई असू द्या, तिच्या गावापासून दूर, नाव झाकून. खटला चालवायचा की नाही ते ती ठरवेल. पण उपचार आणि आधाराची रक्कम मिळायला तिचा शब्द पुरेसा धरा. वैद्यकीय दाखला वीस वर्षांनी कुठून यायचा? आणि वडाच्या सिफारिशीवर सही करण्याचा अधिकार वडातल्या स्त्री सदस्यांनाही द्या. त्या तिथे निवडून आलेल्याच आहेत.

हे आम्ही आधी करून दाखवलं म्हणून मागते असं नाही. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं व्हायला २०२४ साल उजाडलं, आणि तेही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना. नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसू नये एवढा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो २०२२ मध्ये. तुमच्याकडच्या बायकांनी मात्र कधीच 'विधवा' हा शब्द टाकून 'एकल महिला' म्हणायला सुरुवात केली होती. २००९ मध्ये तुमच्या सरकारने विधवेशी लग्न करणाऱ्याला ५०,००० रुपये जाहीर केले, तेव्हा आमची किंमत लावू नका म्हणून त्या रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या आणि ती योजना थांबली. त्यांच्याकडून आम्ही शिकावं. तुम्हीही त्यांचं ऐकावं.

बहिनी येत्या महिन्यात पुन्हा गावी जाते आहे. चार आठवड्यांची रजा आमच्या मजल्यावरच्या पाच घरांनी मिळून दिली आहे, पगार न कापता. परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत त्याच महिन्यात संपते. काल तिने डब्यात एक नवा कागद ठेवला, मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहून फोटो काढून पाठवलेला आणि मी खालच्या दुकानातून छापून आणलेला अर्ज. त्यात मुलीने आधी आईचं नाव लिहिलंय, मग बाबांचं, आणि बाबांच्या नावापुढे 'बेपत्ता पारिएको, २०५९' असं. हा अर्ज खिडकीवर चालेल का, असं बहिनीने मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. कार्यालय दहाला उघडतं. ती साडेनऊलाच तिथे पोचलेली असेल.

आपली,
आश्रयगृहातली एक जुनी कार्यकर्ती
ठाणे, महाराष्ट्र